फेसलिफ्ट

वयोमानाने सैल पडलेली गाल, जबडा व मान येथील त्वचा घट्ट बसविण्याची सौंदर्यशस्त्रक्रिया. कानाभोवती छेद घेऊन त्वचेखालचा स्नायू-आवरणाचा थर उचलून टाक्यांनी बांधतात व जादा त्वचा काढून टाकतात. नुसती त्वचा ताणली, तर परिणाम फार टिकत नाही. सूज व काळेनिळे डाग साधारण दोन आठवडे राहतात. टाके आठवडा-दहा दिवसांत निघतात, कानाजवळचा बधिरपणा मात्र काही महिने रेंगाळतो. त्वचेखाली रक्त साकळणे ही नेहमीची गुंतागुंत. चेहऱ्याच्या चेतातंतूला कायमची इजा विरळ. शस्त्रक्रियेआधी सातारा-सांगलीकडे डॉक्टरांनी मशेरीबद्दल (दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूबद्दल) वेगळे विचारलेले बरे. ‘सिगारेट ओढता का?’ याला बाई ‘नाही’ म्हणतात, आणि ते खरेच असते. पण निकोटिन हिरड्यांतूनही रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकसतात आणि कानामागची त्वचा मरू शकते. म्हणून आधी व नंतर काही आठवडे मशेरी बंद. गहूवर्णी त्वचेवरचा कोवळा व्रण उन्हाने काळवंडतो. शेतावर जाताना पदराने कान झाकावेत.