फ्लॉरेन्समधला 'इंडियन' आपल्या कोल्हापूरचा

मागच्या वर्षी कंपनीच्या कामासाठी तीन महिने म्युनिकला होतो. एका वीकेंडला रात्रीची बस पकडून फ्लॉरेन्सला गेलो. म्युझियमची तिकिटं आधीच संपलेली, म्हणून बाकावर बसून मॅप चाळत होतो. आर्नो नदीवर शहराच्या पश्चिम टोकाला एका पुलाचं नाव दिसलं, 'पोन्ते आल्लिंदियानो'. म्हणजे साधारण 'इंडियनपाशी असलेला पूल'. कोण हा इंडियन? क्लिक केलं, तर समोर कोल्हापूरचे महाराज!

मी जन्माने कोल्हापूरचा. राजाराम कॉलेजवरून शेकडो वेळा गेलोय, आणि ते नाव शिवरायांच्या मुलाचं असणार असं बिनधास्त धरून चाललो होतो. डेटाबेसमध्ये एकाच नावाच्या तीन नोंदी असल्या की जे होतं, तेच आमच्या गावात झालंय. एक शिवरायांचे राजाराम, एक शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम. मधले राजाराम, ज्यांचं नाव खरं तर त्या कॉलेजला आहे, ते कुणाला आठवतच नाहीत.

हे मधले राजाराम दत्तक आले आणि १८६६ साली गादीवर बसले. १८७० मध्ये, विशीतच, ते इंग्लंडला निघाले. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असं मानणारा तो काळ. तिथे राणी व्हिक्टोरियाची भेट झाली आणि बरंच काही बघून झालं. या प्रवासाची त्यांची इंग्रजीतली डायरी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये छापली. साहेबाच्या हाताखालून गेलेली डायरी आहे हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी. तरीही आजच्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या पोराच्या वयाचा माणूस रोज संध्याकाळी परक्या भाषेत दिवसाचा हिशोब लिहितोय, याची गंमत वाटतेच.

परतताना पॅरिसला जर्मन फौजांचा वेढा होता. महाराज जर्मनीकडून आल्प्स ओलांडून इटलीत उतरले. वाटेत तब्येत ढासळत गेली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं.

आता प्रश्न अंत्यविधीचा. सोबतच्या मंडळींना दहन हवं होतं, आणि तेही नदीकाठी. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी, देश कॅथलिक, मृताला पुरायचं हीच रीत. इटलीतलं पहिलं आधुनिक दहनगृह मिलानमध्ये सुरू झालं तेच मुळी १८७६ साली. इथे तर उघड्यावर चिता रचायची होती. पण परवानगी मिळाली आणि रात्री कॅशिने पार्कच्या टोकाला, आर्नोला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते तिथे, अग्नी दिला गेला. बघायला लोक जमले होते.

जागा संगमाची होती, हे मला फार लागलं. आमच्याकडे प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येतात, तिथून पंचगंगा पुढे वाहते. घरी मरण आलं असतं तर पंचगंगेच्या घाटावर इतर राजांच्या शेजारी त्यांची समाधी झाली असती. परक्या शहरात त्या मंडळींनी निदान संगम तरी मिळवला.

चार वर्षांनी, १८७४ मध्ये, तिथे छत्री उभी राहिली. खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हे नाव वाचून मी बाकावरून उठलोच. कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि टाउन हॉल यांचे वास्तुकार तेच! लहानपणी दर रविवारी बघितलेल्या इमारती आणि इटलीतली ही छत्री एकाच माणसाने कागदावर काढली होती.

ट्रामने थोडं आणि पुढे पार्कातून बरंच चाललो. सायकलवाले, कुत्री, जॉगिंग करणारी आजी, आणि मग झाडांमधून ती छत्री. मागे तो पूल, १९७८ सालचा, तिरप्या केबलवर ताणलेला. पुतळ्याच्या डोक्यावर फेटा आहे. तिथे डबा खात बसलेल्या एका माणसाला मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, हा माझ्या गावचा राजा. तो म्हणाला, "इंदियानो, सी, सी." नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे होतं?

घरी फोन केला, तर आई म्हणाली, "अरे, मग ते राहिले असते तर शाहू महाराज आले असते का?" बसमध्ये रात्रभर तेच डोक्यात. महाराजांमागे चौथे शिवाजी दत्तक आले. मानसिक आजाराचं कारण देऊन इंग्रजांनी त्यांना अहमदनगरला ठेवलं आणि १८८३ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. मग १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंत दत्तक आला आणि शाहू झाला. पुढे १९०२ चा मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागांचा हुकूम, वसतिगृहं, सगळं. माझे आजोबा अशाच एका वसतिगृहात राहून शिकले.

पुढच्या सुट्टीत राजाराम कॉलेजात जाऊन आलो. तिथल्या दोन मुलांना विचारलं, हे राजाराम कोणते? एक म्हणाला, "शिवाजी महाराजांचे." दुसऱ्याने मोबाईल काढला.