लूइस, जो : एका जगज्जेत्याची उतरती वर्षे

लूइस, जो : (१३ मे १९१४ – १२ एप्रिल १९८१). विख्यात अमेरिकन कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा व हेवीवेट गटातील जगज्जेता. संपूर्ण नाव जोसेफ लूइस बॅरो. २२ जून १९३७ ते १ मार्च १९४९ अशी सलग अकरा वर्षे आठ महिने त्याने जगज्जेतेपद सांभाळले आणि या काळात पंचवीस आव्हानवीरांना परतवून लावले. हेवीवेट गटात हा विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही. त्याच्या चढत्या काळाची हकीकत सर्वत्र सांगितली जाते; उतरत्या काळाचा उल्लेख मात्र बहुधा ‘पुढे वय झाले व तो हरला’ एवढ्यावर आटोपतो. वस्तुतः लूइस विजेतेपदावर असताना कधीच हरला नाही. तो निवृत्त झाला होता, आणि निवृत्त राहण्याची ऐपत नसल्यामुळे त्याला परत यावे लागले. त्याच्या ऱ्हासाची कारणे रिंगणाइतकीच रिंगणाबाहेरच्या हिशेबवह्यांत शोधावी लागतात.

लूइसचा जन्म ॲलाबॅमा राज्यातील लफेएट गावाजवळ, बटाईने कापूस पिकविणाऱ्या कुटुंबात झाला. वडिलांना तो लहान असतानाच मनोरुग्णालयात दाखल करावे लागले होते. १९२६ मध्ये कुटुंब डिट्रॉइटला आले. मंदीच्या काळात या कुटुंबाला नगरपालिकेचे साहाय्य घ्यावे लागले; पैसा हाती येताच लूइसने ते परत केले. १९३४ मध्ये तो व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला. जॉन रॉक्सबरो व जूलियन ब्लॅक हे त्याचे व्यवस्थापक आणि जॅक ब्लॅकबर्न हा प्रशिक्षक. तिघेही कृष्णवर्णीय होते. यापूर्वीचा कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन याने १९१५ मध्ये विजेतेपद गमावल्यानंतर बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला या किताबासाठी लढू दिले गेले नव्हते. म्हणून लूइसने गौरवर्णीय प्रतिस्पर्ध्याला पाडल्यावर हसू नये, गौरवर्णीय स्त्रीबरोबर छायाचित्र काढून घेऊ नये, असे कडक नियम व्यवस्थापकांनी घालून दिले. त्याचा तो निर्विकार चेहरा पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या धास्तीचा विषय झाला. त्याचे मूळ या खबरदारीत आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

ही धास्ती खरीखुरी होती. १९३५ मध्ये त्याने प्रीमो कार्नेरा व मॅक्स बेअर या दोन माजी जगज्जेत्यांना गारद केले. १९ जून १९३६ रोजी जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत पाडले, हा त्याचा पहिला पराभव. पुढच्याच वर्षी जेम्स ब्रॅडॉकला शिकागो येथे आठव्या फेरीत पाडून लूइस जगज्जेता झाला. आणि २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर सुमारे सत्तर हजार प्रेक्षकांसमोर त्याने श्मेलिंगचा अवघ्या १२४ सेकंदांत निकाल लावला. नाझी राजवटीने वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचारासाठी श्मेलिंगचा उपयोग केला असल्यामुळे या लढतीला राजकीय अर्थ आला होता. पाय किंचित घासत पुढे सरकणे, डाव्या हाताच्या सरळ ठोशाने प्रतिस्पर्ध्याला जागेवर जखडणे आणि जेमतेम वीतभर अंतरावरून दोन्ही हातांनी आखूड, वेगवान ठोसे मारणे, ही त्याची पद्धत. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत तो सात वेळा विजेतेपदासाठी लढला. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना वृत्तपत्रे कुचेष्टेने दरमहाचे बळी म्हणू लागली. त्यांपैकी शेवटच्या, बिली कॉन या चपळ खेळाडूने मात्र बारा फेऱ्यांपर्यंत गुणांत आघाडी घेतली होती. तेराव्या फेरीत तोही पडला. लूइस अजिंक्य असला तरी पायाने जलद असलेला माणूस त्याला अडचणीत आणू शकतो, हे त्या रात्री दिसले.

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर लूइसने जानेवारी १९४२ मध्ये बडी बेअरविरुद्धच्या लढतीचे मानधन नौदलाच्या साहाय्यनिधीस व मार्चमध्ये एब सायमनविरुद्धचे मानधन सैन्याच्या साहाय्यनिधीस दिले. दोन्ही मिळून ही रक्कम ऐंशी हजार डॉलरांहून अधिक होती. ज्या नौदलाला हे दान गेले, ते त्या वेळी कृष्णवर्णीयांना खानसाम्याच्या कामापलीकडे घेत नव्हते. लूइस साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. वेतन महिना २१ डॉलर. १९४५ पर्यंतच्या सेवेत त्याने शहाण्णव प्रदर्शनीय सामने केले व सुमारे वीस लाख सैनिकांनी ते पाहिले. फोर्ट रायली येथे कृष्णवर्णीय सैनिकांचे अधिकारी-प्रशिक्षणासाठीचे अर्ज अडवून ठेवले जात, तेव्हा त्याने वॉशिंग्टनमधील ओळखी वापरून वाट मोकळी केली. अशा रीतीने अधिकारी झालेल्यांत पुढे बेसबॉलमध्ये गाजलेला जॅकी रॉबिन्सन होता.

सैन्य आणि मुष्टियुद्ध यांचे नाते भारतीय वाचकास अपरिचित नाही. हा खेळ भारतात मुख्यतः ब्रिटिश पलटणींबरोबर, छावण्यांच्या मार्गाने आला. नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठी १८२१ मध्ये वसविलेली कामठी ही अशीच एक जुनी छावणी. तेथे आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचे केंद्र आहे. कुस्ती गावच्या तालमीतून वाढली, मुष्टियुद्ध कवायतीच्या मैदानावरून. भारतातील कित्येक नामांकित मुष्टियोद्धे सैनिकच होते, व त्यामुळे त्यांच्या खेळामागे वेतनाचा व निवृत्तिवेतनाचा आधार राहिला. लूइसच्या बाबतीत हे उलटे होते. त्याच्या मुठी भागभांडवलासारख्या विकल्या गेल्या होत्या आणि शिपाईगिरीची वर्षे त्याला तोट्यात गेली. अर्थात सैनिकी आधारही पुरतोच असे नाही. १९८० मध्ये दिल्लीत मुहम्मद अलीशी प्रदर्शनीय सामना खेळलेले व १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत हेवीवेट गटाचे सुवर्णपदक मिळविलेले हवालदार कौर सिंग यांच्यावर २०१७ मध्ये हृदयविकाराच्या उपचारांसाठी कर्ज काढण्याची वेळ आली; तेव्हा सैन्यच मदतीस धावले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

लूइसच्या कर्जाचा हिशेब असा. लढतीचे मानधन हाती आले की त्यातील निम्मा वाटा व्यवस्थापकांचा. उरलेल्यातून शिबिराचा खर्च, आप्तस्वकीय, मित्रमंडळी आणि हात पसरील त्याला दान. तो गोल्फचा शौकीन होता व पैजांत मोठ्या रकमा हरे. डिट्रॉइटमधील उपाहारगृह, स्वतःच्या नावाचे शीतपेय, सॉफ्टबॉलचा संघ असे त्याचे उद्योग बुडाले. सैन्यात असताना उत्पन्न थांबले, खर्च थांबला नाही. तेव्हा सामन्यांचा प्रवर्तक माइक जेकब्ज याच्याकडून तो उचल घेत राहिला. जून १९४६ मध्ये कॉनशी झालेल्या दुसऱ्या लढतीत (लूइस आठव्या फेरीत विजयी) त्याच्या वाट्याला सहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम आली. परंतु व्यवस्थापक, घटस्फोटित पत्नी व जेकब्ज यांची देणी आणि युद्धकाळापासून चढलेले प्राप्तिकराचे दर यांत ती जवळजवळ सगळी गेली. त्या काळी सर्वोच्च उत्पन्नावर शेकडा नव्वदच्या आसपास कर होता. एका रात्रीत वर्षाची कमाई करणाऱ्या खेळाडूला असा कर दशकभर स्थिर उत्पन्न असलेल्या उद्योगपतीपेक्षा अधिक जाचक ठरतो, कारण त्याची कमाईची वर्षे मोजकीच असतात.

देशासाठी दान केलेल्या पैशावरच सरकारने त्याच्याकडून कर मागितला आणि त्यात तो बुडाला, अशी कथा फार लोकप्रिय आहे. ती हृदयस्पर्शी आहे, पण अपुरी. दानाची रक्कम ऐंशी-पंच्याऐंशी हजारांच्या घरात होती. १९५० च्या सुमारास सरकारची मागणी पाच लाख डॉलरांवर गेली होती. दोहोंतील अंतर दानाने भरून निघत नाही. हिशेब दुसऱ्यांच्या हाती सोपविणारा खेळाडू, त्याच्या नावावर वर्षानुवर्षे उचल देणारा प्रवर्तक आणि व्याज व दंड मुदलावर चढवीत जाणारे प्राप्तिकर खाते, अशा तिघांनी मिळून हे कर्ज घडविले. सरकारचा दोष एवढाच, आणि तो लहान नाही, की ज्याच्या देशप्रेमाची भित्तिपत्रके त्याने काढली, त्याच्याशी तडजोड करण्यास त्याला दहा-पंधरा वर्षे लागली.

रिंगणातली उतरण ५ डिसेंबर १९४७ रोजी उघड झाली. जर्सी जो वॉलकॉटने त्याला दोनदा खाली पाडले. पंधरा फेऱ्यांनंतर लूइस निकाल न ऐकताच रिंगणातून निघाला होता. त्याला थांबवावे लागले. गुणांचा विभाजित निर्णय त्याच्या बाजूने गेला, प्रेक्षकांनी हुर्यो उडविली, आणि खुद्द लूइसने वॉलकॉटकडे दिलगिरी व्यक्त केली. जून १९४८ मध्ये त्याने वॉलकॉटला अकराव्या फेरीत पाडले आणि १ मार्च १९४९ रोजी निवृत्ती जाहीर केली. थांबण्याची वेळ त्याने अचूक ओळखली होती. ब्लॅकबर्न १९४२ मध्येच वारला होता. ‘आता पुरे’ असे अधिकाराने सांगणारे माणूस जवळ नव्हते, तरीही त्याने ते स्वतःला सांगितले.

निवृत्ती अठरा महिने टिकली. करवसुलीच्या तगाद्यामुळे २७ सप्टेंबर १९५० रोजी तो एझर्ड चार्ल्सशी लढला. मैदान तेच, यांकी स्टेडियम. प्रेक्षक मात्र सुमारे बावीस हजार. पंधरा फेऱ्यांत तो स्पष्टपणे हरला. डाव्या हाताचा सरळ ठोसा अजून लागत होता, पण त्यामागून उजवा येण्यास क्षणभर उशीर होत होता. मुष्टियुद्धात वार्धक्य प्रथम या क्षणात दिसते; ताकद त्यानंतर बऱ्याच काळाने जाते. पुढच्या वर्षभरात दुय्यम दर्जाच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या आठ लढती जिंकून तो २६ ऑक्टोबर १९५१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉकी मार्सियानोपुढे उभा राहिला. लूइस सदतीस वर्षांचा, मार्सियानो अठ्ठावीस वर्षांचा. आठव्या फेरीत डाव्या ठोशाने लूइस पडला, उठला. नंतरच्या उजव्या ठोशाने तो दोरांमधून रिंगणाबाहेर कलंडला. पंचाने लढत थांबविली. लूइस हे मार्सियानोचे बालपणापासूनचे आराध्यदैवत होते. विजयानंतर त्याला रडू आवरले नाही. एकूण एकोणसत्तर व्यावसायिक लढतींपैकी लूइसने सहासष्ट जिंकल्या, त्यांपैकी बावन्न प्रतिस्पर्ध्यास गारद करून. तीन पराभवांपैकी दोन या पुनरागमनातले आहेत.

कर्ज मात्र फिटले नाही. व्याजासह ते दहा लाखांच्या पुढे गेले. १९५६ मध्ये तो तिकीट लावून होणाऱ्या करमणुकीच्या कुस्त्यांत उतरला व छातीला इजा होईपर्यंत ते करीत राहिला. काही काळ पंचाचे काम केले. १९५९ मध्ये मार्था जेफरसन या वकील महिलेशी त्याने विवाह केला; १९६० नंतर कर खात्याने जुनी वसुली जवळजवळ सोडून चालू उत्पन्नावरील करावर समाधान मानले. पुढे अमली द्रव्ये व संशयविकार यांनी त्याला ग्रासले आणि १९७० मध्ये डेन्व्हर येथील रुग्णालयात मनोविकारांवरील उपचारांसाठी ठेवावे लागले. शेवटची वर्षे तो लास व्हेगासमधील सीझर्स पॅलेस या जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करी, त्यांच्याबरोबर गोल्फ खेळे. अनेकांना हे दृश्य केविलवाणे वाटले. त्याला स्वतःला तसे वाटत असल्याचे दिसत नाही. लोकांत बसणे त्याला नेहमीच आवडत असे.

आपल्याकडे मल्लांच्या उत्तरायुष्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला व खासबागेचे कुस्ती मैदान उभारले (१९१२). पतियाळाच्या महाराजांनी गामाला पोसले. खुराक, निवास, वेतन हे सारे राजाकडून. संस्थाने गेली, फाळणी झाली आणि कधीही न हरलेल्या गामाची अखेरची वर्षे लाहोरात (मृत्यू १९६०) ओढग्रस्तीत गेली. आश्रयदाता राजा असो वा तिकीट घेणारा प्रेक्षक असो, मल्लाच्या ताकदीची किंमत तो देतो. तिच्यानंतरच्या तीस वर्षांची तरतूद दोन्ही व्यवस्थांत नव्हती.

१९७७ मध्ये महारोहिणीवरील शस्त्रक्रियेनंतर लूइस चाकांच्या खुर्चीला खिळला. ११ एप्रिल १९८१ च्या रात्री सीझर्स पॅलेसमध्ये त्याने लॅरी होम्झ व ट्रेव्हर बर्बिक यांची जगज्जेतेपदाची लढत खुर्चीत बसून पाहिली. दुसऱ्या दिवशी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत दफन होण्यासाठी लागणाऱ्या अटी त्याच्या बाबतीत पूर्ण होत नव्हत्या. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्या शिथिल केल्या. अंत्यविधीच्या खर्चाचा काही भार माक्स श्मेलिंगने उचलला. युद्धानंतर जर्मनीत शीतपेयाच्या व्यवसायात तो संपन्न झाला होता आणि लूइसशी त्याची मैत्री जडली होती. १९८२ मध्ये अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक लूइसला मरणोत्तर देण्यात आले. डिट्रॉइट येथे १९८६ मध्ये त्याचे स्मारक उभारले. ते चोवीस फूट लांबीच्या, मूठ वळलेल्या ब्राँझच्या हाताचे आहे.