पॅलेटवर ‘एचटी’चा शिक्का आहे म्हणून ते स्वच्छ आहे असं नाही! पॅकहाऊस, बेदाणा शेड आणि गोदामासाठी सविस्तर माहिती

निफाड : जानेवारीत द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की पॅकहाऊसमध्ये सगळ्यांची नजर मण्याच्या साईजवर, साखरेवर आणि रेसिड्यूच्या रिपोर्टवर असते. बॉक्स ज्याच्यावर रचले जातात त्या लाकडी पॅलेटकडे मात्र कुणी वाकून बघत नाही. शिक्का आहे ना, मग झालं, असा समज आहे. या समजातच घोळ आहे. पॅलेटवरचा शिक्का लाकडातल्या किडीसाठी असतो. त्या पॅलेटवर खाण्याचा माल ठेवावा की नाही, हे शिक्का सांगत नाही. हे दोन वेगळे नियम आहेत आणि दोन्ही पाळावे लागतात.

निफाड, दिंडोरी, चांदवडकडे शेतकरी उत्पादक कंपन्यांची पॅकहाऊस झाली आहेत. बेदाण्याची शेड आहेत, बचत गटांचे मसाल्याचे आणि पापडाचे छोटे युनिट आहेत. पॅलेट या सगळ्यांकडे आहे. त्यामुळे ही माहिती फक्त निर्यातदारांपुरती नाही.

शिक्का नेमका कशाचा?

लाकडातून एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाते. भुंगेऱ्याच्या अळ्या फळीच्या आत असतात, वरून दिसत नाहीत. म्हणून २००२ मध्ये लाकडी पॅकिंगसाठी आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्याला आयएसपीएम-१५ म्हणतात. त्यानुसार लाकूड इतकं तापवायचं की फळीच्या थेट गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं टिकलं पाहिजे. वरवर गरम झालेलं चालत नाही. हीच ‘एचटी’, म्हणजे हीट ट्रीटमेंट. दुसरी पद्धत मिथाइल ब्रोमाइड वायूची, तिची खूण ‘एमबी’. हा वायू विषारी आहे आणि ओझोनच्या थराला मारक आहे, त्यामुळे काही खरेदीदार एमबीचं पॅलेट घेतच नाहीत. ऑर्डर घेतानाच विचारून घ्यावं.

खऱ्या शिक्क्यात चार गोष्टी असतात. एका बाजूला गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, दुसऱ्या बाजूला देशाची दोन अक्षरं (भारतासाठी आय-एन), ट्रीटमेंट करणाऱ्या केंद्राचा नंबर आणि एचटी किंवा एमबी ही खूण. शिक्का लाल किंवा नारिंगी रंगात नसावा, कारण ते रंग धोकादायक मालासाठी वापरतात. तो पुसट नको, आणि शक्यतो पॅलेटच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर हवा. शिक्का मारायचा अधिकार फक्त नोंदणी झालेल्या केंद्राला आहे. फरिदाबादच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाकडे ही नोंदणी होते. गावातल्या सॉ मिलवाल्याने स्टेन्सिल करून रंग मारला तर तो शिक्का नव्हे, बनावटगिरी आहे. पॅलेट घेताना ट्रीटमेंटचं सर्टिफिकेट मागावं आणि त्यावरचा केंद्राचा नंबर फळीवरच्या नंबरशी जुळवून बघावा. दोन मिनिटांचं काम आहे.

सालीचंही बघावं लागतं. फळीवर झाडाची साल राहिली असेल तर तिची रुंदी ३ सेंटीमीटरपेक्षा कमी हवी. त्यापेक्षा रुंद तुकडा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटीमीटरच्या आत हवं.

एकदा ट्रीटमेंट झालेल्या पॅलेटला मुदत नसते. पॅलेट न बदलता तसंच राहिलं तर दरवर्षी नव्याने शिक्का घ्यायची गरज नाही. प्लायवूडसारख्या गोंद आणि दाब देऊन बनवलेल्या लाकडाला, तसंच प्लास्टिकला हा नियम लागू नाही. देशातल्या देशात, दिल्ली किंवा कोलकात्याला माल जात असेल तरीही हा शिक्का लागत नाही. स्वच्छतेचा नियम मात्र सगळीकडे लागतो.

शिक्का जे सांगत नाही

पहिली गोष्ट ओल. हीट ट्रीटमेंटने कीड मरते, लाकूड वाळतंच असं नाही. ओली फळी तापून बाहेर आली तरी आतून ओली असू शकते. अशी पॅलेट्स एकावर एक रचून ताडपत्रीखाली ठेवली की आठ-दहा दिवसांत पांढरी-हिरवी बुरशी चढते. द्राक्षाच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये तापमान शून्याच्या आसपास आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर असते. तिथं कोरडं लाकूडसुद्धा ओल धरतं, मग आधीच ओलं असलेल्याचं काय होणार? त्यात न्हावा-शेवा ते रॉटरडॅम हा प्रवास तीन-चार आठवड्यांचा, जहाजाने आफ्रिकेला वळसा घातला तर आणखी जास्त.

लाकडात साधारण २० टक्क्यांपेक्षा कमी ओल असेल तर बुरशी वाढत नाही. ती मोजायला लाकडाचं वेगळं मीटर मिळतं, दोन सुया फळीत टोचायच्या. मका-सोयाबीनचं मॉइश्चर मीटर इथं कामाचं नाही. पॅलेट विकत घेताना ‘नुसतं एचटी की वाळवलेलं एचटी’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट रसायन. बुरशी येऊ नये म्हणून काही ठिकाणी लाकडाला औषध मारतात. त्यातून काय होऊ शकतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जानेवारी २०१० मध्ये मॅकनील या औषध कंपनीला टायलेनॉल आणि इतर गोळ्यांच्या बाटल्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. बाटल्यांना कुबट वास येत होता, काही लोकांना मळमळ आणि पोटदुखी झाली. शोध घेतल्यावर कारण निघालं लाकडी पॅलेट. पॅकिंगचं सामान ज्या पॅलेटवरून आलं त्याच्या लाकडाला ट्रायब्रोमोफिनॉल नावाचं औषध मारलेलं होतं. त्याचं रूपांतर होऊन ट्रायब्रोमोअॅनिसोल हे कुबट वासाचं रसायन तयार झालं. अगदी थोडं असलं तरी त्याचा वास येतो. गोळ्यांचा लाकडाशी थेट संबंध नव्हता, तरी वास बंद बाटलीपर्यंत पोहोचला. बेदाणा, हळद, मसाला हे पदार्थ तर वास ओढून घेणारेच आहेत.

म्हणून पॅलेटची पहिली तपासणी नाकाने करावी. कुबट, रॉकेलसारखा, औषधासारखा वास आला तर ते पॅलेट आत घ्यायचं नाही, शिक्का कितीही स्पष्ट असो.

तिसरी गोष्ट जुना वापर, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक इथंच होते. सातपूर, अंबडच्या भंगारातून स्वस्तात जुनी पॅलेट्स मिळतात. त्यातली बरीच परदेशातून मशीनबरोबर आलेली असतात, त्यावर खरा शिक्काही असतो. पण त्यावर आधी काय होतं? ऑईलचे बॅरल, रंग, रसायनाची पोती, मासळी, काहीही असू शकतं. लाकूड ते पिऊन घेतं आणि धुऊन निघत नाही. काळे-तेलकट डाग असलेलं पॅलेट खाण्याच्या मालाला वापरूच नये. ज्यांचं कृषी सेवा केंद्र आणि शेतमालाचं गोदाम एकाच जागेत आहे त्यांनी तर जास्तच जपावं. कीटकनाशकाच्या पेट्या ज्या पॅलेटवर ठेवल्या, त्यावर महिन्याने बेदाण्याचे बॉक्स ठेवायचे आणि मग रेसिड्यू कुठून आला म्हणून बागेत शोधायचं, असं व्हायला नको. औषध-खताच्या पॅलेटला रंगाचा जाड पट्टा मारून टाकावा, म्हणजे लोडिंगवाल्या पोरालाही लांबून कळतं. पट्टा शिक्क्यावर मात्र येऊ देऊ नये.

आपल्याकडचा कायदा

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ शेतकऱ्याला त्याच्या शेतातल्या कामासाठी लागू नाही. रानात माल जमिनीवर ठेवला म्हणून कुणी नोटीस देत नाही. पण तोच माल पॅकहाऊसमध्ये, प्रक्रिया युनिटमध्ये किंवा व्यापारी गोदामात गेला की तो अन्नव्यवसाय होतो, मग मालक शेतकरी असो की शेतकऱ्यांची कंपनी. बऱ्याच नव्या कंपन्यांच्या संचालकांचा ‘आम्ही तर शेतकरीच’ असा समज असतो. तो तपासणीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

या कायद्याखालच्या २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांत परिशिष्ट ४ आहे. त्यात माल रॅकवर किंवा पॅलेटवर, जमिनीपासून पुरेसा उंच आणि भिंतीपासून लांब ठेवायला सांगितलं आहे. कारण सरळ आहे, खालून आणि मागून झाडता यावं, उंदीर-झुरळाला दडायला जागा राहू नये. किती इंच ते तिथं लिहिलेलं नाही. प्रत्यक्षात जमिनीपासून सहा इंच आणि भिंतीपासून दीड फूट हे अंतर पाळतात. भिंतीच्या कडेने पांढरा पट्टा ओढून ठेवला तर रोज मोजत बसावं लागत नाही आणि पट्ट्यावर उंदराची लेंडी पडली तर लगेच दिसते.

लाकडी पॅलेटला सरसकट बंदी नाही. बंद बॉक्ससाठी ते चालतं. उघडा माल मात्र लाकडावर टेकता कामा नये. सोललेलं, कापलेलं, धुतलेलं काही असेल, किंवा जिथं फरशी कायम ओली असते, तिथं प्लास्टिकचंच घ्यावं. महाग पडतं, पण धुता येतं. प्लास्टिकलाही चिरा पडल्या की त्यात घाण बसते, तेव्हा तडकलेलं पॅलेट बाजूला काढावं.

रोजचं काम

पॅकहाऊसमध्ये पॅलेट आत घेताना दारातच एकाने उभं राहावं. वर आलेला खिळा, निघालेली ढलपी, तुटकी फळी, बुरशी, पक्ष्यांची घाण, भुसा पडलेलं बारीक भोक यातलं काही दिसलं तर पॅलेट बाहेर. खिळा वर असला की खालच्या थरातला बॉक्स फाटतो आणि निघालेला खिळा मालात गेला तर तो वेगळाच गुन्हा. खालच्या बॉक्सखाली जाड कागद किंवा प्लायची शीट टाकली तर बराच धोका टळतो. बॉक्स पॅलेटच्या कडेबाहेर आलेले नसावेत. कंटेनरमध्ये थंड हवा खालून वर येते, बाहेर आलेले बॉक्स ती अडवतात आणि स्वतःही दबतात.

प्लास्टिक पॅलेट आधी ब्रशने आणि पाण्याने घासून घ्यावं, मग क्लोरीन. मातीवर क्लोरीन ओतून उपयोग नाही, घाणच ते खाऊन टाकते. १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराईट असेल तर १०० लिटर पाण्यात २०० मिली टाकलं की २०० पीपीएमचं पाणी होतं. दहा मिनिटं ठेवून वाळू द्यावं. हायपोक्लोराईट कुठल्याही अॅसिडमध्ये मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. लाकडी पॅलेट शक्यतो कोरडंच झाडावं. धुवायची वेळ आलीच तर आडवं न ठेवता उभं करून कडक उन्हात पूर्ण वाळवावं.

रिकामी पॅलेट्स उघड्यावर, गवतात रचून ठेवायची सवय सगळीकडे आहे. पावसाळ्यात त्यात उंदीर येतात, उंदरामागे साप येतो. पत्र्याखाली, सिमेंटच्या कोब्यावर ठेवावीत.

कुठल्या तारखेला कुठून किती पॅलेट्स आली, सर्टिफिकेट नंबर काय, किती बाद केली, एवढं साध्या वहीत लिहिलं तरी चालतं. ऑडिटवाला हीच वही मागतो. कंटेनर परदेशात अडला तर लाकूड जाळणं, पुन्हा ट्रीटमेंट करणं किंवा माल परत पाठवणं हेच पर्याय उरतात आणि खर्च माल पाठवणाऱ्या बाजूवर येतो. ज्यांनी बागेवर रोख भाव घेतला ते सुटतात. ज्यांचा हिशोब तिकडच्या विक्रीवर ठरलेला असतो, त्यांच्या पट्टीतून तो कापला जातो.

दुरुस्ती करताना

तुटलेली फळी बदलायला गावातला सुतार चालतो, असं वाटतं. निर्यातीच्या पॅलेटला चालत नाही. साधारण एक तृतीयांशापर्यंत भाग बदलला तर नवी फळी ट्रीटमेंट केलेलीच हवी आणि तिच्यावर स्वतंत्र शिक्का हवा. त्यापेक्षा जास्त बदललं तर जुने सगळे शिक्के मिटवायचे, पूर्ण पॅलेटची पुन्हा ट्रीटमेंट करायची आणि नवा शिक्का घ्यायचा. बाभळीची एक साधी फळी ठोकली की बाकीच्या पॅलेटवरचा खरा शिक्काही वाया जातो. अशी पॅलेट्स देशातल्या मालासाठी वेगळी काढून ठेवावीत.

बाद झालेल्या लाकडाचं काय करायचं, हे पॅकहाऊसच्या मजुरांना सांगून ठेवणं गरजेचं आहे, कारण ते सरपणाला घरी नेतात. रंगवलेलं, तेलकट किंवा औषधाचा वास येणारं लाकूड चुलीत घालू नये, त्याच्या फळ्यांची गव्हाण किंवा धान्याची पेटीही करू नये. एमबी शिक्क्याचं लाकूडही याच कामांपासून लांब ठेवावं. साधं एचटीचं स्वच्छ लाकूड जाळायला हरकत नाही, आधी खिळे काढून घ्यावेत.