सोमवारची धाप

गेल्या शनिवारी भूमला गेलो होतो. भूम म्हटलं की खवा! आमचे मामा तीस वर्षं भट्टीवर आहेत. पाच लिटर दूध लाकडाच्या जाळावर ढवळत बसायचं, तेव्हा कुठे किलोभर खवा होतो. पंचेचाळिशीत त्यांना दम लागायला लागला. तीन डॉक्टर झाले, पंप आला, पण "काम काय करता?" हे एकानंही विचारलं नाही म्हणे.

हाच प्रश्न 1700 साली इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनीनं डॉक्टरांना शिकवला होता. त्यानं कामगारांच्या आजारांवर अख्खं पुस्तकच लिहिलं. त्यात धान्य चाळणारेही आहेत: डोळ्यांना खाज, घशात धूळ, छातीत धाप. ज्वारीच्या मळणीला थ्रेशरजवळ उभं राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको...

आपल्याकडे याचं मोठं प्रकरण म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्या. 1854 साली कावसजी दावरांनी पहिली गिरणी काढली. 1982 च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. कापूस पिंजायच्या खात्यात धूळ सगळ्यात जास्त. त्या धुळीनं होणारा आजार म्हणजे बिसिनोसिस. हा दम्याचा चुलतभाऊ, पण याची खोड वेगळी. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते आणि आठवडाभरात सैल पडते. वर्षं गेली की मात्र रोजच सोमवार! (आम्हा आयटीवाल्यांचा सोमवार यापुढे लाडाचाच.) बिडीवर बोट दाखवणं सोपं असतं, पण बिडीला वार कळत नाही.

1948 च्या कारखाने कायद्यातल्या रोगांच्या यादीत पुढे बिसिनोसिसही आला. पण मूळ कायद्यात कारखाना म्हणजे वीज असेल तर दहा माणसं, नसेल तर वीस, असं होतं. मामांच्या भट्टीवर तिघं.

धुरानं दमा होऊ शकतो, असलेला वाढतो, किंवा सीओपीडीही होतो. नक्की काय ते तपासल्याशिवाय कळत नाही. 2019 साली अमेरिकन आणि युरोपियन तज्ज्ञांनी मिळून अंदाज काढला, की मोठेपणी होणाऱ्या दम्यात साधारण 16 टक्के वाटा कामाच्या जागेचा असतो.

मी विचारलं, "मामा, सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं?"

"दूध कधी सुट्टी घेतं का रे?"

तेवढ्यात मामी आतून म्हणाल्या, "पुण्याला लेकीकडं आठ दिवस होते ना, तवा पंप पिशवीतच राहिला."

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे मी सोबत जाणार आहे.