खाद्यातले औषध

कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याच्या पद्धतीचा उगम औषध कारखान्यातल्या चोथ्यात आहे. अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार झाल्यावर जो चोथा उरे, त्यात बी-१२ जीवनसत्त्व असे. थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी तो पिल्लांना चारला, तेव्हा पिल्ले जीवनसत्त्वाच्या हिशेबाबाहेर वाढली. ही करामत चोथ्यात राहून गेलेल्या औषधाची होती. १९५० मध्ये हे जाहीर झाले. टनभर खाद्याला काही ग्रॅम औषध पुरे, शिवाय कमी खाद्यात जास्त वजन. पशुपालकाला आणखी काय हवे? मात्र एवढ्या थोड्या मात्रेत सगळे जिवाणू मरत नाहीत. जे तग धरतात, त्यांचीच पैदास वाढते.

धोक्याची खूण जपानमध्ये दिसली. एका जिवाणूची औषधाला दाद न देण्याची शक्ती दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे जाऊ शकते, हे तिथे १९५९ मध्ये आमांशाच्या जिवाणूंवरून सिद्ध झाले. ब्रिटनमध्ये वासरांतल्या औषधरोधी साल्मोनेला जिवाणूने माणसांनाही गाठले, तेव्हा स्वान समिती नेमली गेली. माणसांवरील उपचारांत लागणारी औषधे वाढीसाठी खाद्यात घालू नयेत, असे तिने १९६९ मध्ये सुचवले. पशुवैद्याच्या चिठ्ठीची वाट मात्र मोकळी राहिली, आणि औषधे त्या वाटेने गोठ्यात जातच राहिली.

पुरावा हवाच होता, तर तो बोस्टनच्या स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्ये दिला. त्यांनी एका शेतावरच्या कोंबड्यांना ऑक्सिटेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य दिले. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यातले बहुतेक जिवाणू त्या औषधाला रोधी झाले. काही महिन्यांत शेतावरच्या कुटुंबाच्या पोटातही तसे जिवाणू वाढले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बंदीचा प्रस्ताव मांडला. तो संसदेत अडकला. माणसांसाठी महत्त्वाच्या औषधांचा वाढीसाठीचा वापर तिथे २०१७ मध्ये थांबला, म्हणजे चाळीस वर्षांनी.

स्वीडनने १९८६ मध्येच बंदी घातली होती, युरोपीय संघाने २००६ मध्ये.

कोलिस्टिन या प्रतिजैविकाची कथा अधिक विचित्र आहे. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून डॉक्टरांनी ते जवळजवळ सोडून दिले होते. पशुखाद्यात ते चालूच राहिले. इतर औषधे निकामी होऊ लागल्यावर अतिदक्षता विभागाला पुन्हा त्याचीच गरज पडली. २०१५ मध्ये चीनमध्ये त्याला रोध देणारे, जिवाणूंत सहज पसरणारे एमसीआर-१ हे जनुक सापडले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेले प्राणी, कोंबड्या आणि मत्स्यशेतीसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण बंद केले.