पहिलं पुस्तक आणि एक कलम

पीएच.डी. झाली की घरच्यांचा प्रश्न बदलतो. आधी असतो, ‘प्रबंध कधी संपणार?’ मग येतो, ‘पुस्तक कधी?’ बाबा मला तो दर रविवारी फोनवर विचारतात. तुम्हीही इतिहासावर पहिलं पुस्तक लिहायचं मनात धरून बसला असाल, तर हा प्रश्न तुमच्या ओळखीचा असणार.

दोन वर्षं माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय ठरला होता: सतराव्या शतकातली कोकण किनाऱ्यावरची डच कंपनी. पोस्टडॉकची नोकरी तीन वर्षांची, आणि पुढच्या नोकरीसाठी पुस्तक हवंच. पण नोकरीच्या धास्तीने फार तर पहिलं प्रकरण लिहून होतं. दुसऱ्याला हात लावताना आपण हे का सांगतोय, ते स्वतःला ठाऊक असावं लागतं. मला ते ठाऊक नव्हतं.

साधनांची वाण होती असं नाही. उलट सुकाळच होता. द हेगच्या मध्यवर्ती स्टेशनाला लागूनच नेदरलँड्सचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचं दप्तर तिथे आहे. ते सलग मांडलं तर एक किलोमीटरहून लांब भरेल. युनेस्कोने २००३ साली त्याची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी डचांनी १६३७ साली वेंगुर्ल्याला वखार घातली. तिथली पत्रं बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला जात आणि त्यांच्या नकला हॉलंडला येत. आपल्या गावांची नावं त्या वळणदार अक्षरात दिसली की आनंद होतो. पण आनंदाने पुस्तक होत नाही.

मग एक कागद भेटला, तोही माझ्या किनाऱ्याचा नव्हे.

१६७७ साली शिवाजी महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर होते. पूर्व किनाऱ्यावरचे डच व्यापारी धास्तावले होते. त्यांनी हर्बर्ट द यागर या माणसाला महाराजांकडे पाठवलं. हा लायडनला शिकलेला आणि पौर्वात्य भाषांचा अभ्यासक. डचांना व्यापाराचा कौल मिळाला, पण त्यात एक कलम होतं. आधीच्या अंमलात तुम्हाला इथे स्त्रीपुरुष गुलाम म्हणून विकत घेता येत होते, माझ्या अंमलात ते चालणार नाही. तसं करू गेलात तर माझी माणसं अडवतील, असा त्याचा आशय.

हा काही माझा शोध नाही. कौल छापलेला आहे आणि इतिहासकारांनी त्यावर लिहिलंही आहे. वाचून मलाही अभिमान वाटला. पुढे पाठवायला फोनही हातात घेतला होता. तेवढ्यात मनात आलं: कलम झालं त्या दिवशी डचांच्या ताब्यात कोण होतं? त्यांचं पुढे काय झालं? अंमलबजावणी कोणी केली, किती दिवस? त्या माणसांची नावं कौलात नाहीत. कंपनीचा कारकून हिशेबासाठी लिहीत होता, त्यांच्यासाठी नव्हे.

त्या संध्याकाळी मी विषय बदलला नाही, प्रश्न बदलला. ‘डचांनी काय केलं’ऐवजी ‘डचांच्या कागदांत कोण दिसत नाही’ असा. तेव्हापासून लिहिण्याचा हुरूप शोधावा लागलेला नाही.

तुम्हीही या वाटेने जाणार असाल, तर काही गोष्टी सांगते. सुरुवात छापील साधनांपासून करा. बटाव्हियाच्या किल्ल्यातल्या रोजनिशीचे १६२४ ते १६८२ या काळातले खंड छापलेले आहेत. बटाव्हियाहून हॉलंडला गेलेल्या सर्वसाधारण अहवालांचेही आहेत. हस्तलिखितांचे फोटो अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. आता लाखो पानांचं हस्ताक्षर संगणकाने वाचून काढलं आहे, त्यामुळे शब्दाने शोध घेता येतो. मात्र शोध कानाने घ्या. वेंगुर्ला तिथे ‘विंगुर्ला’ होतं, कारण कारकून ऐकलं तसं लिहीत असे. अक्षर लागायला वेळ लागतो. मोडी शिकला असाल तर घाबरू नका, तोच जाच आहे आणि तीच गंमत.

तारखा जपा. डच कंपनी नवं ग्रेगोरियन पंचांग वापरे, इंग्रज जुनं. दोन्हींत तेव्हा दहा दिवसांचा फरक होता. सुरतेच्या पहिल्या लुटीत इंग्रजांची ६ जानेवारी १६६४ म्हणजे डचांची १६ जानेवारी. हे विसरलात तर एकाच घटनेच्या दोन घटना होतील.

आणि एकाच दप्तरावर विसंबू नका. कौल आपल्याला भेटतो तो डच भाषेत, म्हणजे दुभाषा आणि कारकून यांच्या हातांतून आलेला. त्याच मोहिमेबद्दल सभासदानेही लिहिलं आहे, पण वीसेक वर्षांनी, राजाराम महाराजांच्या आश्रयाला जिंजीत बसून. ही जिंजी महाराजांना त्याच मोहिमेत मिळालेली. दोघांचे हेतू वेगळे. जिथे दोघेही गप्प आहेत, तिथे आपलं काम सुरू होतं.

कंटाळा येतो तेव्हा मी राजवाड्यांची आठवण काढते. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली आला, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. गावोगाव दप्तरं धुंडाळणाऱ्या या माणसाने आधी कागद लोकांपुढे ठेवले. आपल्याला तर पायपीटही नाही, स्टेशनवरून पाच मिनिटं चालायचं.

म्हणून पहिल्या पुस्तकासाठी प्रेरणेची वाट पाहत बसू नका. साधनं उघडा आणि आपल्याला झोपू न देणारा एक कागद सापडेपर्यंत वाचत राहा. सापडला की आधी त्याच्यावर शंका घ्या, मग लिहायला बसा.

गेल्या रविवारी बाबांनी विचारलं तेव्हा मी तारीख सांगितली नाही. ते कलम वाचून दाखवलं. थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “आणि त्या माणसांचं पुढे काय झालं गं?”

आता माझ्या दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात याच प्रश्नाने होते.