सरहद्दीपलीकडची मोटार

पोर्तुगालने 1928 सालच्या 1 जून रोजी रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. परंतु त्याच राजसत्तेच्या अमलाखाली असलेल्या गोमंतकाने मात्र डावी बाजू सोडली नाही, आणि त्याचे कारण स्वामिनिष्ठेच्या अभावात नव्हे तर भूगोलात होते, कारण जमिनीच्या सर्व अंगांनी ब्रिटिश इलाख्याने व संस्थानी मुलखाने वेढलेल्या त्या चिमुकल्या प्रदेशात उजवीकडून गाडी हाकली असती तर पेडण्याहून सावंतवाडीस निघालेल्या प्रत्येक मोटारीला नाक्यावर पोहोचताच बाजू बदलावी लागली असती. पेडणे महाल 1788 पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचाच होता. राज्य बदलले तरी सोयरिकी, जत्रा आणि बाजारहाट पूर्वीप्रमाणे चालूच राहिले. या रहदारीत पुढे एका जिन्नसाची भर पडली, ती वापरलेल्या मोटारगाडीची. कोकणातला किंवा कोल्हापूरकडचा मनुष्य जुनी गाडी घेण्यासाठी गोव्यास का जातो, या साध्या प्रश्नाचे उत्तर मला तरी गाडीत कधी सापडले नाही. ते नेहमी सरहद्दीत सापडले.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात या सरहद्दीच्या दोन बाजूंस दोन निराळी युगे नांदत होती. अलीकडे परकी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले, देशातच गाडी घडविण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना रजा मिळाली, आणि 1928 पासून मुंबईच्या शिवडीत मोटारी जुळविणाऱ्या जनरल मोटर्सने 1954 साली आपला कारखाना बंद केला. उरल्या त्या अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि ज्याच्या दारात ती एकदाची येई तो दुसऱ्या दिवशी नव्या किमतीहून अधिक दामाने ती विकू शके, असा चमत्कारिक अर्थव्यवहार त्या काळात रूढ झाला.

पलीकडे मात्र लोहखनिजाची भरभराट सुरू होती. मुरगाव बंदरातून खनिज जपानकडे जाई, आणि त्या पैशावर परदेशी माल मुक्तहस्ताने येई. भारत सरकारने 1955 च्या सुमारास गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, वाटा रोखल्या गेल्या. परंतु समुद्राची वाट मोकळीच होती आणि पोर्तुगीज सरकारनेही आयातीचे दरवाजे सैल ठेवले होते, त्यामुळे नाकेबंदीचा परिणाम पुष्कळदा उलटाच झाला, आणि पणजी-मडगावच्या श्रीमंत भाटकारांच्या व खाणमालकांच्या दारांत जर्मन, इंग्रजी आणि अमेरिकन मोटारी उभ्या राहिल्या. 15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीच्या ज्या वाटेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच वाटेने पुढे कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेतलेले गिऱ्हाईक जुन्या मोटारीत बसून घरी येऊ लागले. ही वाट तपासणाऱ्या पहारेकऱ्यांनी कोणत्या काळात काय तपासले, याचाही एक स्वतंत्र इतिहास लिहिता येईल.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि जकातीची रेषा पुसली गेली. गाड्यांच्या नव्या आवकेचा ओघ आटला, परंतु आलेल्या गाड्या जागच्या जागी राहिल्या. उरलेल्या हिंदुस्थानात मर्सिडीज हे चित्रपटातल्या खलनायकाचे वाहन असताना गोव्यात ती टॅक्सी होती, आणि पर्यटकाच्या वळकटीपासून मासळीच्या टोपलीपर्यंत काहीही तिच्यात चढत असे. सुटे भाग येईनासे झाले तेव्हा तेथील मिस्त्र्यांनी एका गाडीची इंद्रिये दुसरीस लावून तिला जगविण्याची जी विद्या आत्मसात केली, तिच्यापुढे आजच्या संगणकी निदानाची मला फारशी मातब्बरी वाटत नाही.

जकातीची रेषा गेली, तशी कराची रेषा आली. गोव्यातला वाहनकर महाराष्ट्राच्या मानाने हलका; 2012 साली तर तेथील सरकारने पेट्रोलवरील कर जवळजवळ नाममात्र केला, तेव्हा सिंधुदुर्गातील माणसे टाकी भरण्यापुरती पत्रादेवीपलीकडे जाऊन येऊ लागली. शिवाय प्रदेशाचे क्षेत्रफळ सारे 3,702 चौरस किलोमीटर, म्हणजे पेडण्याहून काणकोणास गेले तरी दिवसभरात परत येता येते. त्यामुळे घरगुती गाडीचे धावणे बेताचे असते. तेथे आज दर 100 कुटुंबांपैकी सुमारे 45 कुटुंबांकडे मोटार आहे, आणि घरचा कर्ता मुलगा आखातात किंवा विलायतेस निघाला की त्याची गाडी ओसरीसमोर विक्रीस निघते. पुरवठा मुबलक आणि गिऱ्हाईक मोजके. मग भाव उतरावयाचेच.

परंतु सरहद्द जे सवलतीत देते, त्याचा काही हिस्सा समुद्र वसूल करून घेतो. 1987 सालच्या मार्च महिन्यात माझे मामा सावंतवाडीहून मडगावास एक फियाट पाहावयास गेले तेव्हा मीही बरोबर होतो, आणि गावचा मिस्त्री हा आमचा तिसरा जोडीदार होता. विकणाऱ्या गृहस्थांना नुकताच मारुतीचा नंबर लागला होता. गाडी दुधी रंगाची, आरशासारखी पुसलेली. मिस्त्र्याने इंजिनाकडे सुरुवातीला पाहिलेसुद्धा नाही. त्याने दाराच्या खालच्या कडेवर बोटाच्या पेराने टकटक केली; खणखणीत आवाज पुढे जाता जाता एके ठिकाणी बसका झाला, तेथे रंगाखाली लांबी भरलेली आहे हे त्याने नुसत्या मानेने सुचविले. नंतर पायाखालची चटई उचलून त्याने पेचकसाचे टोक पत्र्यावर हलकेच दाबले. ते इतके अलगद आत शिरले की विकणारे गृहस्थही अवाक् झाले. “इंजान बरा आसा, दादानू,” मिस्त्री मामांस म्हणाला, “पण पत्रो खाऱ्यान खाल्लेलो आसा.”

एवढ्यावर सौदा मोडावयास हवा होता, पण तो मोडला नाही. मिस्त्र्याच्या पेचकसाने किंमत उतरली, मामांनी इसार दिला आणि खोबऱ्याच्या वड्यांवर व्यवहार पुरा झाला. खारा वारा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांचा दोष किनाऱ्यावरच्या कोणा मालकाला देता येत नाही, हे मामांचे त्या वेळचे समर्थन होते.

खरी परीक्षा कागदांची. परराज्यातील गाडी आणावयाची तर तिच्या मूळ नोंदणी कार्यालयाचा नाहरकत दाखला हवा, पेढीचे तारण असेल तर ते फिटल्याची नोंद हवी, आणि वर्षाच्या आत नव्या राज्याचा क्रमांक घ्यावयास हवा. आजच्या 28 क्रमांकाच्या नमुन्यावर चासीच्या क्रमांकाची पेन्सिलछाप लागते: कागद लोखंडावर धरून शिसे घासले की आकडे उमटतात, लहान मुले नाण्याची छाप घेतात तसे. ज्या गाडीचे लोखंड खाऱ्याने फुगलेले असते तिचे आकडे या छापेत पुसट येतात, आणि मग 3 की 8 या वादात खिडकीपलीकडचा कारकून मनुष्याचा अख्खा दिवस घालवू शकतो. त्यावर नव्या कराचा हिशेब, विमा, पुन्हा तपासणी. हे सारे गोव्यातल्या स्वस्ताईतून वजा करून पाहिल्यास पुष्कळांचा नफा चहापाण्यापुरताच उरतो, तरीही जाणारे जातातच.

परतीच्या प्रवासात कुठ्ठाळीचा झुआरीवरील पूल सहज ओलांडला, परंतु मांडवीवरचा पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळलेला असल्यामुळे पणजीस फेरीबोटीसाठी रांगेत उभे राहावे लागले. बोट बेतीच्या धक्क्याकडे निघाली तेव्हा खाडीच्या पाण्याचे तुषार नव्या मालकीच्या टपावर उडत होते, आणि मामा खिशातल्या हातरुमालाने ते एकेक टिपून घेत होते.

पायाखालचा पत्रा बदलून घेण्याचे त्यांनी त्या पावसाळ्यापूर्वी ठरविले, मग पुढच्या. दरम्यान पेचकसाचे भोक रुपयाएवढे झाले आणि मामीने त्यावर गोणपाटाची घडी टाकली. सुट्टीत कोल्हापुरास जाताना मी मुद्दाम त्याच जागी बसत असे; आंबोलीचा घाट चढू लागला की अंगठ्याने गोणपाट बाजूला सारावयाचा, आणि खालून मागे सरकणारी ओली काळी वाट, तिच्यावरची पाने, मधूनच एखादा खडा, असे पाहत बसावयाचे, मामीचे लक्ष जाईपर्यंत.